ताई, यात केस होते का?

प्लास्टरमधला पाय माझ्या टेबलाखाली मावत नाही. म्हणून तसा माणूस आला की स्टुलावर आडवा बसतो, कुबडी झेरॉक्स मशीनला टेकवतो, आणि मग पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, यात केस होते का?"

पुण्यात शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयासमोर मी १९९८ पासून टायपिंग करते. तेव्हा रेमिंग्टन होतं, आता कॉम्प्युटर आहे. मी वकील नाही. वकिलांचे दावे, अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणारी बाई आहे. पण तेच ते कागद इतकी वर्षं बोटांखालून गेले की कोणत्या दाव्यात दम आहे आणि कोणता दुसऱ्या तारखेलाच गार पडणार, याचा अंदाज यायला लागतो. त्यात २०२२ साली मी स्वतःच अर्जदार झाले. लोकांसाठी हजारदा टाइप केलेली वाक्यं स्वतःच्या नावाखाली टाइप करायची वेळ आली, आणि तीही डाव्या हाताने.

वकील लागतोच. पण दुखापत झाल्यापासून वकिलाची पायरी चढेपर्यंतचे जे दिवस असतात, त्यांत माणसं सगळ्यात जास्त घोळ घालतात आणि तो नंतर भल्याभल्या वकिलालाही निस्तरता येत नाही. इथे मुख्यतः त्या दिवसांबद्दल लिहिते आहे.

केस कधी होते

नुसतं लागलं म्हणून केस होत नाही. मी आलेल्या माणसाला आधी घटनेची तारीख विचारते, कारण मुदत गेली असेल तर बाकीचं बोलून उपयोग नसतो. तारीख ठीक असेल तर पुढचं विचारते. समोरच्यावर काळजी घ्यायची जबाबदारी होती का? ती त्याने पाळली नाही हे दाखवता येईल का? तुमची दुखापत त्याच्या त्या हयगयीमुळेच झाली का, की दुसऱ्या कशाने? आणि तुमचं नेमकं काय गेलं?

जिन्याचं उदाहरण घ्या. सोसायटीच्या जिन्यावरून पाय घसरून खुबा मोडला. जिना नुसताच ओला होता आणि पायात झिजलेली चप्पल होती, तर कोणावर दावा लावणार? पण त्याच जिन्याची पायरी तीन महिने फुटलेली होती, दोन जणांनी कमिटीला लेखी कळवलं होतं, वरचा दिवाही बंद होता, तर गोष्ट बदलली. पडणारी बाई तीच, खुबा तोच, फक्त एका प्रकरणात कमिटीच्या आवक शिक्क्याचं पत्र आहे. दावा त्या पत्रावर उभा राहतो.

कधीकधी घटनाच पुरेशी बोलकी असते. ५ ऑक्टोबर २०१८ ला जुना बाजार चौकात होर्डिंगचा लोखंडी सांगाडा सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर कोसळला आणि चार जण गेले. सिग्नलला उभ्या माणसाच्या डोक्यावर लोखंड आपोआप पडत नसतं. अशा वेळी हयगय नव्हती हे समोरच्याने पटवून द्यायचं, असं कोर्टं मानतात.

थोडक्यात बचावलात, तर देवाचे आभार माना आणि घरी जा, त्यात दावा नाही. स्वतःचीही थोडी चूक असेल तर मात्र लगेच हात टेकू नका. तुमच्या चुकीच्या हिश्श्याएवढी भरपाई कापली जाते, दावा सगळा मरत नाही. एका गाडीवर तिघं होते म्हणून विमा कंपनी बोट दाखवते, पण सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे की तिसरा बसल्यामुळे अपघात झाला किंवा दुखापत वाढली असं दिसल्याशिवाय नुसत्या ट्रिपल सीटवरून भरपाई कापता येत नाही.

आणखी एक गोंधळ रोज ऐकते. "त्याच्यावर केस झालीय ना पोलिसात, मग पैसे मिळतीलच." नाही मिळत. पोलिसांची केस सरकार विरुद्ध ड्रायव्हर अशी असते, त्यात त्याला दंड किंवा शिक्षा होईल. तुमची भरपाई वेगळी मागावी लागते, वेगळ्या कोर्टात. याची चांगली बाजूही आहे. फौजदारीत ड्रायव्हर सुटला तरी भरपाईचा अर्ज आपोआप पडत नाही, कारण तिथे गुन्हा पुराव्यानिशी पक्का करावा लागतो आणि इथे जास्त शक्यता कशाची एवढंच बघतात.

माझं मनगट

१० ऑगस्ट २०२२, नारळी पौर्णिमेच्या आदला दिवस. मी कोथरूडहून रिक्षाने कोर्टात निघाले होते. नळ स्टॉपजवळ रिक्षावाल्याने एकदम उजवीकडे घेतलं आणि उलट बाजूने आलेल्या टेम्पोने आम्हाला कोपऱ्यात धरलं. मी पडताना उजवा हात टेकला. मनगटाचे दोन तुकडे, आत प्लेट, सहा स्क्रू.

हॉस्पिटलात नेल्यावर पहिली गोष्ट मी बहिणीकडून करवून घेतली: केसपेपरवर "रस्ता अपघात" असं लिहून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची, नोंद झाली की नाही ते बघितलं. गर्दीत "घरी पडल्या" असं लिहून मोकळे झाल्याचे कागद मी टाइपिंगला आलेले पाहिले आहेत. पोलिसांना नको तो फेरा म्हणून नातेवाईकच तसं सांगतात, आणि सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तेच पान वर काढतो. डॉक्टरांना गाडीचा प्रकार, ठिकाण, वेळ, सगळं सांगा आणि त्यांनी काय लिहिलं ते वाचा. (मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना आहे. नेमलेल्या हॉस्पिटलात भरती झालात तर काउंटरवर विचारा, तेव्हा मला ती नव्हती.)

दुसऱ्या दिवशी अंमलदार जबाब घ्यायला आले. भला माणूस होता. लॅपटॉपवर भराभर लिहीत होता: "आपल्या ताब्यातील टेम्पो हयगयीने, अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून..." हे वाक्य मी झोपेतही टाइप करीन. पण वर नजर गेली तर नाव, वय, आणि पुढे "व्यवसाय – घरकाम".

"साहेब, ते बदला."

"काय फरक पडतो ताई?"

फरक किती पडतो ते पुढे सांगते. त्यांनी "टायपिंग, स्वतःचा व्यवसाय" असं बदललं, मी पुन्हा वाचलं, मगच सही केली, तीही डाव्या हाताच्या अंगठ्याने. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. समजत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. फिर्यादीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, तीही मागून घ्या. बायकांना खास सांगते, शिवण, डबे, ट्यूशन, पापड, जे करता ते लिहून घ्या. गृहिणीच्या घरच्या कामाचीही किंमत कोर्टं धरतात, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये त्यात पुढची वाढसुद्धा धरायला सांगितलं, पण तो अंदाजाचा आकडा असतो. खरी कमाई असेल तर ती का लपवायची?

दोन्ही गाड्यांचे नंबर भावाने फोटोत घेतले होते. नंबर असला की परिवहनच्या अॅपवर विमा चालू आहे का ते दिसतं. शेजारच्या दुकानाच्या सीसीटीव्हीसाठी मात्र आम्ही बारा दिवस उशिरा गेलो, तोवर जुनं रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं. दुकानदाराकडे त्याच दिवशी जा, निदान मोबाइलवर शूट करून आणा, आणि पोलिसांना लेखी कळवा की तिथे कॅमेरा आहे.

रिक्षावाला म्हणाला टेम्पोची चूक, टेम्पोवाला म्हणाला रिक्षाची. मागे बसलेल्या प्रवाशाने या भांडणात पडायचं कारण नाही. दोघांच्या हयगयीने तिसऱ्याला लागलं तर तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई घेऊ शकतो, नंतर वाटणी ते आपापसात करतील, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ठरवून दिलं आहे. तरी माझ्या वकिलांनी दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या, असे चारही सामनेवाले केले. शहाणपणाचं केलं.

एका टक्क्याची किंमत

मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा हिशेब बऱ्यापैकी ठरलेला असतो. लोकांना वाटतं जज्जसाहेबांच्या मनावर आहे. तसं नाही. अपंगत्व आलं असेल तर महिन्याचं उत्पन्न, त्यात पुढच्या वाढीची भर, गुणिले बारा, गुणिले वयाचा गुणांक, आणि त्यातून कमाईची क्षमता जेवढे टक्के घटली तेवढे टक्के. गुणांकाचा तक्ता सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये पक्का केला: २६ ते ३० वयाला १७, ३६ ते ४० ला १५, ४६ ते ५० ला १३, साठी ओलांडली की ७, पासष्टनंतर ५. वाढ किती धरायची ते २०१७ मध्ये ठरलं. स्वतःचा धंदा करणाऱ्याला चाळिशीच्या आत ४० टक्के, चाळीस ते पन्नासमध्ये २५, त्यानंतर साठीपर्यंत १०.

माझं वय ४६, कमाई महिना १८,००० रुपये. त्यात २५ टक्के मिळवून २२,५००. वर्षाचे २,७०,०००. तेराने गुणले की ३५,१०,०००. म्हणजे एक टक्का अपंगत्व बरोबर ३५,१०० रुपये. "घरकाम" लिहिलेलं राहिलं असतं आणि कोर्टाने अंदाजाने समजा नऊ हजार धरले असते, तर तोच टक्का निम्म्यावर आला असता. त्या अंमलदारांना मी हा हिशेब सांगायला हवा होता.

आता कमाई सिद्ध कशी करायची? आयकर रिटर्न नव्हतं. पण माझी वही होती. रोजची तारीख, वकिलाचं आडनाव, पानं, दर, मिळाले की बाकी. सामनेवाल्यांच्या वकिलांनी उलटतपासात ती वही वीस मिनिटं चाळली, आठ-दहा जागी बोट ठेवून विचारलं. सगळ्यात जास्त कामाला आली ती १० ऑगस्टनंतरची कोरी पानं. सलग चार महिने कोरी. मुद्दाम कोणी लिहिलं असतं तर काहीतरी लिहिलं असतं.

टक्केवारीवर सगळ्यात जास्त झुंज होते. डॉक्टरांच्या दाखल्यात उजव्या हाताचं २४ टक्के कायमचं अपंगत्व होतं. विमा कंपनी म्हणाली, हाताचे २४ म्हणजे अख्ख्या शरीराचे बारा. तांत्रिक दृष्ट्या त्यांचं चूक नव्हतं, हाताची टक्केवारी आणि शरीराची टक्केवारी वेगळीच असते. पण कोर्ट शेवटी बघतं ते तुमची कमाई किती टक्के घटली. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या निकालात डावा हात गेलेल्याचं उदाहरण दिलं आहे: तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी शाबूत राहील. मग टायपिस्टचं उजवं मनगट? पूर्वी तासाला नऊ पानं व्हायची, आता सहा. उजव्या करंगळीने शिफ्ट दाबून धरलं की दहा मिनिटांत कळ मनगटातून कोपरात जाते. हे मी साक्षीत सांगितलं आणि दोन वकिलांनी, ज्यांचं काम मी करते, त्यांनी येऊन सांगितलं.

दाखला नुसता दाखल करून भागत नाही. डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं, नाहीतर समोरचा त्यावर हरकत घेतो. साक्षीला येतील का हे उपचार चालू असतानाच गोडीत विचारून ठेवा.

बिलं सगळी ठेवा, औषधाच्या दुकानाचंसुद्धा नावाचं पक्कं बिल. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे भरपाईतून कापायचे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद होता, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये कापायचे नाहीत असं ठरवलं. विम्याचा हप्ता तुम्ही भरलात, त्याचा फायदा टेम्पोवाल्याच्या कंपनीला का?

मुदत आणि कोणतं दार

इथे मी टेबलावर हात आपटून बोलते, माफ करा. १ एप्रिल २०२२ पासून वाहन अपघाताच्या भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असं मोटार वाहन कायद्यात आलं आहे. त्याआधी अनेक वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळे "बघू सावकाश" हा सल्ला देणारे काका अजून घरोघरी आहेत. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने, तूर्त या कारणावरून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेशही दिला. अंतरिम आहे तो. त्याच्या भरवशावर सातवा महिना उजाडू देऊ नका. अर्ज अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, कुठेही करता येतो. म्हणजे सोलापूर रोडवर कुठेतरी दूर अपघात झाला तरी पुणेकराला शिवाजीनगर चालतं.

चूक कोणाची हे सिद्ध करणं अवघड असेल तर कलम १६४ खाली चूक न दाखवता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मागता येतात. गाडी धडक देऊन पळाली आणि सापडलीच नाही, तर वेगळी योजना आहे, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. तो अर्ज कोर्टात नाही, तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयाकडे जातो. रक्कम तुटपुंजी आहे, पण माणसं तीही मागत नाहीत कारण माहीतच नसते.

खड्ड्याचं प्रकरण वेगळं. आधी रस्ता कोणाचा ते शोधा. गल्लीतला बहुतेक पुणे महानगरपालिकेचा, कॅम्पातला कॅन्टोन्मेंट बोर्डाचा असू शकतो, नवले पुलावरचा बाह्यवळण महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे लागले असतील तर तिथलं आणखी वेगळं. चुकीच्या कार्यालयाला नोटीस पाठवून चार महिने घालवलेले लोक मी पाहिले आहेत. महापालिकेवर दिवाणी दावा लावायचा तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी लेखी नोटीस, मग महिनाभर थांबणं, आणि दावा मात्र घटनेपासून सहा महिन्यांच्या आत. राज्य सरकारवर असेल तर नोटिशीनंतर दोन महिने. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मात्र सोपी वाट काढून दिली: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, दुखापत झाली तर तिच्या स्वरूपाप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने हे ठरवायचं, आणि अर्जापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. खड्ड्याचा फोटो घेताना शेजारी काहीतरी ओळखीचं दिसू द्या, दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा नंबर. नुसता खड्डा सगळीकडे सारखाच दिसतो, आणि तो दोन दिवसांत बुजवलेलाही असतो. तुमच्या नशिबाने तेवढी तत्परता तेव्हाच दिसते.

हॉस्पिटलवरचे दावे टाइप करताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण निम्मे टिकत नाहीत. ऑपरेशन फसलं म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही. त्या शाखेच्या साधारण कसबी डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का, हे बघतात, आणि त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. पोटात कापूस राहिला, उजव्याऐवजी डाव्या पायाचं ऑपरेशन केलं, असं असेल तर गोष्ट उघड आहे. पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोगात जा. १९९५ पासून डॉक्टरही त्या कायद्यात येतात. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय त्यात येत नाही. पण जिथे बाकीचे पैसे भरतात आणि तुम्हाला माफ झाले, ते येतं. मुदत दोन वर्षं. उपचारांसाठी दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग चालतो, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. आधी कागद मागा. लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं डॉक्टरांवर बंधन आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी मागणीला काही अर्थ नसतो. मागच्या वर्षी एक गृहस्थ आले, फाइल नीट लावलेली, टॅग घातलेले, दुसऱ्या डॉक्टरचं मतही होतं. घटना तीन वर्षांपूर्वीची. "आधी समजुतीने घेत होतो," म्हणाले. उशीर माफीचा अर्ज टाइप करून दिला मी, पण अर्ज छापून हातात देताना त्यांच्याकडे बघवलं नाही.

वस्तूमुळे इजा झाली, कुकर उडाला, बॅटरी फुटली, गिझर गळला, तर तेही ग्राहक आयोगातच, उत्पादक आणि विक्रेता दोघांवर. फुटलेला कुकर मात्र भंगारवाल्याला देऊ नका. घासूसुद्धा नका. तसाच पिशवीत घालून माळ्यावर ठेवा.

कामावर लागलं असेल तर भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या मंडळींनी आधी ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड बघावं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कामगार भरपाई कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, त्यामुळे जुनी पुस्तकं चाळणाऱ्याचा सल्ला घेऊ नका. लोणावळा लोकलमधून पडलात, तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, मुदत एक वर्ष, चूक दाखवायची गरज नाही पण तिकीट किंवा पास हवा. यांपैकी कशातच न बसणारं, शेजाऱ्याची भिंत, सोसायटीची लिफ्ट, ते साध्या दिवाणी न्यायालयात, साधारण तीन वर्षांत. तिथे कोर्ट फी जड जाते, हे आधी विचारून घ्या.

वकील, एजंट आणि लोकअदालत

हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी एक माणूस भेटेल. तुमचं नाव, वॉर्ड, गाडीचा नंबर त्याला आधीच माहीत असेल. "एक रुपया देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के." बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, आणि गिऱ्हाईक शोधत फिरताही येत नाही. हे चालतं का? कोर्टाबाहेर सत्तावीस वर्षं बसून मी "नाही" म्हणाले तर तुम्हीच हसाल. पण कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही करू नका. फी किती, कधी, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. भरपाई तुमच्याच खात्यात येईल हे बघा. बाई असेल किंवा मूल असेल तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. त्यांचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच आहे, आणि लाजायचं काही कारण नाही.

तोच लिफ्टपाशचा माणूस कधी म्हणेल, "गाडी सापडत नाही ना? माझ्या ओळखीची एक विमा असलेली गाडी दाखवू." तिथून उठा. असा अर्ज मी टाइप करत नाही. एकदा नाही म्हटलं म्हणून त्या वकिलांचं सगळं काम गेलं, ते दोन टेबलं सोडून पलीकडच्या माणसाकडे गेलं. पुढे त्या अर्जदारावरच गुन्हा दाखल झाला.

माझं प्रकरण २०२४ च्या शेवटच्या लोकअदालतीत मिटलं. विमा कंपनीने साडेपाच लाखांपासून सुरुवात केली. माझ्या वकिलांनी वहीचा हिशेब पुढे ठेवला: कंपनीचे बारा आणि दाखल्यातले चोवीस यांच्या मधले सोळा टक्के धरून ५,६१,६००, औषधोपचार १,३८,०००, चार महिन्यांची बुडालेली कमाई ७२,०००, वर वेदना, रिक्षा, मदतीची बाई. सव्वाआठ लाखांवर थांबलो. चोवीस टक्के धरून लढले असते तर कदाचित जास्त मिळाले असते, आणि मग ते अपिलात मुंबईला गेले असते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, दोघांनाही. म्हणून तिथे जायच्या आदल्या रात्री एक आकडा कागदावर लिहून ठेवा, ज्याच्या खाली यायचं नाही. माझा आठ होता. चिठ्ठी पर्समध्ये होती. तिथे पंखा फिरत असतो, माणसं ताटकळलेली असतात, सगळे "मिटवून टाका हो" म्हणत असतात, आणि सहाचे पाच करायला एक चहा पुरतो.

आणि माझ्याकडे किंवा कुठल्याही टेबलावर याल तेव्हा हे घेऊन या: फिर्याद, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेची फिल्म, बिलांचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावलेला, आधार, आणि कमाईचं जे काही असेल ते, अगदी दूधवाल्याचं कॅलेंडरही चालेल. सगळ्याच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, वकिलाच्या कारकुनाच्या नाही आणि माझ्याही नाही. झेरॉक्स मशीन टेबलाला लागूनच आहे, फक्त कुबडी टेकवायच्या आधी ती बंद आहे का बघा, तापते फार.